बोरीवरची मच्छरदाणी

प्राणिशास्त्रात बी.एस्सी. झालेल्या मुलीला मोटारींचे सुटे भाग तपासायच्या नोकरीवर का घेतलं, हे मला कंपनीनं कधी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. कोरेगाव भीमापासून शिरूरपर्यंत नगर रस्त्याच्या कडेनं कारखान्यांच्या पाट्या उगवत होत्या आणि प्रत्येक पाटीखाली ‘सायन्स ग्रॅज्युएट पाहिजेत’ असा कागद चिकटवलेला असे. कुठलं सायन्स, हा प्रश्न कुणालाच पडत नव्हता. माझं सासर शिरूरचं. सकाळी कंपनीच्या बसनं जायचं, क्वालिटी लॅबमध्ये पांढरा कोट चढवायचा आणि दिवसभर लोखंडी बुश, म्हणजे आखूड नळ्या, व्हर्नियर कॅलिपरच्या जबड्यात धरून मोजत बसायचं. कॉलेजात बेडूक आणि झुरळं कापली होती त्याचा उपयोग एवढाच, की हात थरथरत नसे.

आमचे प्लँट हेड पुण्याहून गाडीनं यायचे. पन्नाशी उलटलेली, भाषा शुद्ध, भांग सरळ. जगातली कुठलीही गोष्ट शुक्रवारपर्यंत होऊ शकते, अशी त्यांची श्रद्धा होती. मशीन बिघडलं, शुक्रवारपर्यंत. माणूस कमी पडला, शुक्रवारपर्यंत. एकदा एका ऑपरेटरच्या बायकोचे दिवस भरत आले होते, तर त्यालाही त्यांनी रजेच्या अर्जावरून मान वर न करता विचारलं होतं, “शुक्रवारपर्यंत होईल ना?”

त्या वर्षी कंपनीला पर्यावरणाचं सर्टिफिकेट मिळवायचं होतं. परदेशी गिऱ्हाइकाला ते हवं होतं. सल्लागार म्हणून एक टाय लावलेले गृहस्थ आले आणि धूर, सांडपाणी, तेलाची पिंपं यांच्याबरोबर ‘जैवविविधता’ नावाची एक नवी भानगड मागे ठेवून गेले. आवारात काय काय जिवंत आहे ते कंपनीला माहीत असलं पाहिजे, असा त्याचा अर्थ. दुसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावणं आलं.

“मॅडम, तुम्ही झूऑलॉजीच्या ना?”

“हो सर.”

“उत्तम. आपल्या आवारात कोणकोणते प्राणी आहेत?”

“कुत्री आहेत, सर.”

“आणखी?”

“कॅन्टीनमध्ये झुरळं.”

“ती नकोत,” साहेब म्हणाले. “काहीतरी चांगलं शोधा.”

चांगलं शोधायला जागा एकच होती. कॅन्टीनच्या मागे, कुंपणाच्या आत, माळाचा एक तुकडा बुलडोझरच्या तावडीतून सुटलेला होता. चार बाभळी, एक मोठी बोर, खाली गवत. लोक तिकडे बिडी ओढायला जात. मी पांढरा कोट घालून तिथं पोचल्यावर सगळ्यांनी बिड्या विझवल्या आणि मी गेल्यावर पेटवल्या.

फाल्गुन होता. बोरीची पानं झडायला लागली होती, त्यामुळेच ती वस्तू दिसली. एका काटेरी फांदीवरून कोंबडीच्या अंड्याएवढं काहीतरी लोंबत होतं. रंग वाळलेल्या मातीसारखा, वर एक काळपट देठ, आणि त्या देठाचं टोक फांदीभोवती अंगठीसारखं पक्कं वळलेलं. नखानं टकटक केलं तर लाकडासारखा आवाज. मी बघत राहिले म्हणून आणखी चारजण बघायला आले. सिक्युरिटीवाले म्हणाले, “अंडा है मॅडम, किसी पंछी का.” बागेचं काम बघणारे मामा म्हणाले, “अंडं कुठलं, बाभळीचा डिंक हाय, वाळून गोळा झालाय.” झाड बोरीचं होतं, पण त्यांच्या आवाजात इतका विश्वास होता की त्यांना तसं सांगावंसं वाटेना. मी माझ्या पदवीला जागून म्हणाले, “हा कोश आहे.” मग मामांनी विचारलं, “कशाचा?” मी त्यांच्याकडे कोयता मागितला.

साहेबांनाही तेच जाणून घ्यायचं होतं. फांदी कापून मी कोश त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

“कोणत्या किड्याचा आहे?”

“बाहेर आला की कळेल, सर.”

“कधी येईल?”

“सांगता येत नाही.”

“शुक्रवारपर्यंत?”

साहेबांनी कोश हातात घेऊन फिरवला. “कापून बघू या. टूलरूममध्ये कटर आहे.”

“कापला तर तयार माल निघणार नाही, सर. अर्धवट जॉब निघेल.”

हे त्यांना लगेच पटलं. प्राणिशास्त्र मी तीन वर्षं शिकले, पण ते साहेबांच्या भाषेत सांगायला मला कंपनीत आल्यावरच जमलं. कोश लॅबमध्ये काचेच्या भांड्यात, कठीणपणा मोजायच्या यंत्राशेजारी जाऊन बसला. दर शुक्रवारी साहेब दारात उभे राहून विचारत, “स्टेटस?” मी म्हणे, “पेंडिंग, सर.” कोश कानापाशी हलवला की आत काहीतरी जड सरकल्यासारखं वाटे, तेवढाच काय तो पुरावा. चैत्र गेला, वैशाख गेला. आमची दोन मशीनं बदलली, एक सुपरवायझर सोडून गेला, आणि कोश आपला निवांत झोपलेला. त्याला शुक्रवार लागू होत नव्हता. पुढं मला कळलं, की त्याला वाट बघायची होती हवेतल्या ओलीची. कोवळी पानं फुटायच्या आत बाहेर येऊन त्याच्या पोरांनी खायचं काय?

जूनमध्ये एकदोनदा पाऊस पडून गेल्यावर, पहिली शिफ्ट सुटायच्या सुमारास, कोशाचं वरचं टोक ओलं दिसलं. मला वाटलं छत गळतंय. वर पाहिलं तर छत कोरडं. ती ओल आतून येत होती. मी साहेबांना फोन केला आणि ते खरंच धावत आले. बाहेर बस हॉर्न वाजवत होती. ओल्या टोकाचे धागे हळूहळू सैल झाले, आतून एक केसाळ डोकं ढकलत ढकलत बाहेर आलं, आणि मग पिळून टाकलेल्या पोतेऱ्यासारखा एक जीव कोशाला लटकून राहिला.

“डिफेक्टिव्ह?” साहेबांनी हळूच विचारलं.

“थांबा, सर.”

बस निघून गेली. पोतेऱ्याला पंख होते आणि ते भरत होते, कणाकणानं, खाली ओघळत. हळदीत थोडी राख कालवावी तसा रंग. पुरते पसरल्यावर माझी वीत त्यांना पुरेना. चारही पंखांवर एकेक गोल डोळा आणि त्या डोळ्याच्या मधोमध अभ्रकाचा तुकडा बसवावा तशी आरपार खिडकी. मागं टांगलेलं कॅलेंडर त्यातून दिसत होतं. साहेबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. नंतर ड्रायव्हरला बोलावून म्हणाले, “मॅडमना शिरूरला सोडून ये. मी इथंच बसतो तोवर.” त्यांचं घर बरोबर उलट दिशेला, पुण्यात. गाडी शिरूरला जाऊन परत येईपर्यंत ते त्या लॅबमध्ये स्टुलावर बसून होते, असं मला दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरनं सांगितलं, ते जरा काळजीच्या सुरात.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा पहिला प्रश्न होता, “ही खाते काय?”

“काही नाही, सर. हिला खायला तोंडच नसतं. अळी असताना खाल्लेल्यावरच ही जगते.”

हे मी सांगायला नको होतं, कारण त्याच दिवशी कॅन्टीनच्या आमटीवरून कामगारांची बैठक होती. आमटीत डाळ शोधावी लागते अशी तक्रार होती आणि ती खोटी नव्हती. साहेब उभे राहिले आणि म्हणाले, की आपल्या लॅबमध्ये एक असा जीव आहे, जो बाहेर आल्यापासून खात नाही, पीत नाही, कुरकुर करत नाही आणि तरी आपलं काम पूर्ण करतो. कामगारांचे पुढारी मिशीला पीळ देत ऐकत होते, त्यांनी विचारलं, “जगतो किती दिवस, साहेब?”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, “आठवडाभर. फार तर थोडा जास्त.”

“मग आमची हरकत न्हाई,” पुढारी म्हणाले. “आमालाबी आठच दिवस कामावर ठिवा.”

साहेबसुद्धा हसले. पुढच्या सोमवारपासून आमटीत डाळ दिसू लागली.

त्या संध्याकाळी मी लॅबची खिडकी उघडी ठेवून गेले. जाड पोटावरून ही मादी दिसत होती, आणि पुस्तकात वाचलं होतं, की मादी एका जागी बसून गंध सोडते आणि नर लांबून त्या वासावर येतात. खरं वाटत नव्हतं. आवारात आणखी एकही कोश मला सापडला नव्हता, आणि भोवती काय, तर गोदामं, धाबे आणि वजनकाटा. सकाळी दार उघडलं तर आत चार नर. विटकरी रंगाचे, मादीपेक्षा जरा लहान, डोक्यावर कोवळ्या नेच्याच्या पानांसारख्या रुंद मिशा. वास टिपायचं काम त्याच मिशांचं. एकाची मादीशी गाठ पडली होती. उरलेले तिघे ट्यूबलाइटच्या पट्टीवर, भिंतीवर आणि माझ्या कोटावर बसून राहिले होते. सिक्युरिटीवाल्यांना वेगळीच चिंता. चारजण गेटपासाशिवाय आत आले, हे वर कळलं तर? साहेबांना मात्र वेगळंच आश्चर्य वाटत होतं. “एवढ्या लांबून?” ते म्हणाले. “आणि जाहिरातही न देता? आपल्याला एक फिटर मिळत नाही.”

आता नाव. शिरूरच्या कॉलेजच्या लायब्ररीतून मी एक जाडजूड पुस्तक आणलं होतं, त्यात चित्रं काळीपांढरी आणि टपाल तिकिटाएवढी. माझी पद्धत शास्त्रीय होती. हा मी पाहिलेला सगळ्यात मोठा पतंग, पुस्तकात सगळ्यात मोठा म्हणून ॲटलास दिलेला, म्हणून हा ॲटलास. साहेबांना सांगितलं. त्यांनी त्याच दुपारी मुंबईच्या डायरेक्टरांना फोन करून सांगितलं, की आपल्याकडे ॲटलास आहे. डायरेक्टरांना वाटलं, कुठलं तरी नवं मशीन घेतलं. त्यांनी विचारलं, मंजुरी कुणी दिली?

आठवड्यानं मादी मेली. मी तिला पेढ्यांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात कापसावर ठेवून, बरोबर कोशाचं टरफल घेऊन, पुण्यात एका सरकारी संग्रहालयातल्या शास्त्रज्ञांकडे गेले. खोलीभर लाकडी कप्पे आणि डांबराच्या गोळ्यांचा वास. मी झाकण पुरतं उघडलंही नव्हतं. ते म्हणाले, “टसर.”

“ॲटलास नाही?”

“ॲटलासच्या खिडक्या तिकोनी असतात. हिच्या गोल आहेत बघा. आणि ही अंगठी,” त्यांनी कोशाचा देठ दाखवला, “अळी आधी फांदीभोवती ही अंगठी विणते, मग दोर, आणि मग कोश. पान गळून पडलं तरी घर पडत नाही. कशावर मिळाला? बोरीवर ना?”

“हो.”

“बोर, ऐन, अर्जुन, असल्या झाडांवर वाढते ही. तुमच्याकडे ऐन कुठला, म्हणजे बोरच.”

मी साहेबांच्या वतीनं विचारलं, “दुर्मिळ आहे का?”

“छे. नेहमीचाच.” मग खोकं परत देताना म्हणाले, “आता दिसत नाहीत फारसे, ते सोडा. बोरी ठेवतंय कोण?”

साहेबांना मी दोन्ही बातम्या दिल्या. ॲटलास गेला याचं दुःख त्यांना फार झालं नाही. “टसर म्हणजे ती टसर?” ते म्हणाले. “माझ्या मिसेसकडे दोन आहेत.”

“पतंग, सर?”

“साड्या.”

मग एका साडीला किती कोश लागतात आणि ते आधी वाफवतात कसे, हे त्यांनी विचारलं आणि मी माहीत होतं तेवढं सांगितलं. आत जिवंत असताना? हो, सर. बाहेर आला तर धागा तुटतो. साहेब बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिले. पण ‘नेहमीचाच’ हा शब्द त्यांनी साफ नाकारला. सर्टिफिकेटसाठी नेहमीचा प्राणी चालणार नाही. मला ‘दुर्मिळ’ लिहिता येईना. शेवटी ‘सहसा दृष्टीस न पडणारा’ यावर आमचा समेट झाला. दिवसा झोपणाऱ्या कुठल्याही प्राण्याबद्दल हे बेधडक म्हणता येतं.

तोवर मादीनं भांड्यावर, पडद्यावर आणि ड्रॉइंगांच्या गुंडाळीवर घातलेली अंडी फुटली होती. काळ्या डोक्याच्या, चिमुकल्या, पिवळट अळ्या. त्या खात सुटल्या. आईला तोंड नव्हतं त्याची भरपाई ही पोरं करत होती. कॅन्टीनमागच्या बोरीची हाताला येणारी पानं चार-पाच दिवसांत ओरबाडून झाली, लॅबमधल्या डायलगेजच्या तबकडीवर लेंड्या पडू लागल्या आणि साहेबांनी नाइलाजानं हुकूम काढला, “शिफ्ट करा.”

मी त्या माहेरी नेल्या. माहेर दौंड तालुक्यात, खुटबावला. आमचं घर माळ्यांचं. झेंडू, वांगी, गवार, फ्लॉवर. बांधावर मात्र दोन जुन्या बोरी होत्या. आमच्या घरात अळीला ‘कीड’ याशिवाय दुसरं नाव नव्हतं आणि फवाऱ्याशिवाय दुसरा उपायही नव्हता. आप्पांची आणि अळीची उभ्या जन्माची दुश्मनी. पाठीवर फवाऱ्याचा पंप घेतलेले आप्पा ही माझ्या लहानपणची सगळ्यात ठळक आठवण. त्या घरात एका रविवारी मी टोपलीभर अळ्या घेऊन उतरले.

आप्पांनी टोपलीवरचं फडकं उचललं आणि परत टाकलं.

“तुला शिकिवलं ते आळ्या माराया का पोसाया?”

“आप्पा, कंपनीचं काम आहे. त्या फक्त बोर खातात, भाजीला तोंड लावत नाहीत.”

“असं त्यांनी सांगितलं व्हय तुला?”

आईनं मधे पडून दोघांना जेवायला बसवलं. दुपारी मी अळ्या बोरीच्या एका मोठ्या फांदीवर सोडल्या. साळुंक्या लगेच शेजारच्या तारेवर येऊन बसल्या, म्हणून घरातली जुनी मच्छरदाणी आणून फांदीला गुंडाळली आणि खालून सुतळीनं बांधली. आप्पा कमरेवर हात ठेवून बघत होते.

“सगळं गाव आळी मारतंय आन् तू मच्छरदानी लावतीस. आळीला डास चावत्यात व्हय गं?”

मी त्यांच्याकडून एवढंच वचन घेतलं, की बांधाकडे फवारा न्यायचा नाही. ते “बघू” म्हणाले. पण पुढच्या आठवड्यात घरी फोन आला. आप्पा स्वतःहून फोन करत नसत.

“अगं, कातडी टाकली त्यांनी,” आप्पा म्हणाले. “जुनी टाकली आन् खाल्लीबी. हिरव्यागार झाल्यात.” मग दोन दिवसांनी परत. “अंगाला दोन्ही बाजूनं आरसं हायती बघ बारीक. चांदीचं. ऊन पडलं की चमकत्यात.” नंतर, “एक आळी माझ्या अंगठ्यापरीस जाड झालीया. खाताना आवाज येतो. करकर, करकर.” त्यांना वाईट वाटत होतं की बरं, ते आवाजावरून कळेना. साऱ्या हयातीत त्यांनी अळी एवढ्या निवांतपणे पाहिली नव्हती. कधी मरून पडलेली पाहिली असेल, नाहीतर मरायच्या बेताला आलेली.

हे सगळं मी साहेबांना सांगत होते. श्रावणात ते म्हणाले, “या रविवारी मी येतो बघायला.” नको कसं म्हणणार?

ते कंपनीच्या पांढऱ्या गाडीतून आले. दारावर कंपनीचं नाव मोठ्या निळ्या अक्षरांत. गळ्यात कॅमेरा, डोक्यावर टोपी आणि हातात स्टीलचा टेप, कारण मोजल्याशिवाय कुठल्याही गोष्टीवर त्यांचा विश्वास बसत नसे. गाडी बांधापाशी थांबली. साहेब खाली उतरले, मच्छरदाणीत डोकं घालून अळ्या मोजू लागले. टेपचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं माझ्या. अळ्या वाकड्या होत होत्या म्हणून त्यांनी फांदीही मोजली. मग, का कोण जाणे, या बोरीपासून त्या बोरीपर्यंतचं अंतरही मोजलं.

गाव बघत होतं.

पहिले आले ते शेजारच्या शेताचे तात्या. आप्पांचे बालमित्र, आणि बांधावरून भांडायलाही तेच. त्यांनी साहेबांना नमस्कार केला, गाडीवरचं नाव वाचलं, टेपकडे बघितलं आणि सरळ विचारलं, “साहेब, कुठवर येनार कंपनी?”

“कंपनी नाही हो,” साहेब म्हणाले. “आम्ही पतंग पाहायला आलो आहोत.”

“पतंग?” तात्यांनी आभाळाकडे बघितलं. पाऊस भुरभुरत होता. “ह्या पावसात?”

“तो पतंग नव्हे. या अळीचा पतंग होतो.” साहेबांनी मच्छरदाणी उचलून अळी दाखवली. तात्यांनी अळी बघितली, मग टेप बघितला.

“आन् ह्ये?”

“अळी मोजायला.”

तात्या हसले. सगळं कळलेला माणूस हसतो तसे. “बरुबर हाय, साहेब. तुमी तरी उघड कसं बोलनार?”

साहेबांनी मन लावून समजावलं. कोश, अळी, टसर, पर्यावरण. ते जितकं खरं बोलत गेले तितके जमलेले लोक एकमेकांना कोपरानं ढोसत गेले. पुण्याचा एवढा मोठा साहेब रविवारचा, पावसात, अळी मोजायला येतो, यावर विश्वास ठेवायला माणूस वेडा असायला हवा, आणि आमच्या गावात वेडं कुणी नव्हतं. नगर रस्त्याच्या कडेचे माळ कारखान्यांनी कसे घेतले, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. तिथंही आधी पांढरी गाडीच आली होती. मग टेपवाला.

संध्याकाळपर्यंत बातमी शेजारच्या केडगावला पोचली आणि दुसऱ्या दिवशी हमरस्त्यावरच्या चौफुल्यावर तिला पाय फुटले. कंपनी येणार. बोरीच्या खुणेपासून येणार. मच्छरदाणी बांधलीय ती हद्दीची खूण. गावात दोन तट पडले. एकांचं म्हणणं, जमीन जीव गेला तरी द्यायची नाही. दुसऱ्यांचं, द्यायची, पण लवकर ठरवा. दोन्ही तटांतले लोक आप्पांकडे येऊन बसू लागले. आप्पांनी पहिले दोन दिवस खरं सांगितलं. कुणी ऐकून घेईना, उलट लपवतोस म्हणून रागवायला लागले. तेव्हा आप्पा म्हणू लागले, “मला काय ठावं न्हाई.” हे सगळ्यांना पटलं. ज्याला ठाऊक असतं तो असंच म्हणतो.

मला त्यांचा फोन आला. “पोरी, सोसायटीत गेलो तर खुर्ची देत्यात, च्या मागिवत्यात. उभ्या जन्मात माझं बोलनं लोकांनी येवढं मनावर घेतलं न्हाई. आन् आता मी काय बोलतच न्हाई.”

“आप्पा, स्पष्ट सांगा ना, कंपनी येणार नाही म्हणून.”

“सांगिटलं की. म्हंत्यात, जावई कंपनीत हाय.”

“मी आहे कंपनीत, आप्पा.”

“त्येबी सांगिटलं. त्यावर कुनी बोललं न्हाई.”

मग कुणीतरी एक दुसरीच गोष्ट काढली. जमीन जाते तेव्हा नुसती जमीन मोजत नाहीत, झाडंही मोजतात. झाडाचा मोबदला वेगळा. झालं. ज्या बांधांवर कधी तुळससुद्धा लावली नव्हती त्यावर आंबा, चिंच, नारळ, जांभूळ उभे राहिले. रोपवाटिकेतली रोपं संपली, तेव्हा लोक कडुनिंब घेऊन गेले. जमीन न देणाऱ्या तटानंही झाडं लावली. न जाणो, द्यावी लागलीच तर? आणि बोरी? दरवर्षी ऊस लावताना बांधावरच्या बोरी काटे टोचतात म्हणून तोडून कुंपणाला टाकायची रीत. त्या वर्षी एकाही बोरीला कुणी कोयता लावला नाही. तात्यांनी तर एका पडायला आलेल्या बोरीला टेकू दिला. बोरीपाशीच साहेबानं टेप लावला होता, हे त्यांनी स्वतः बघितलं होतं.

अळ्यांनी कोश विणले. आप्पांनी ते विणकाम दोन दिवस बघितलं आणि त्या दोन दिवसांत फुलं तोडायला बाई लावली. मग मी मच्छरदाणी काढून घेतली. काही कोशांतून नवरात्राच्या सुमारास पतंग निघाले आणि कुठं कुठं गेले. काही पुढच्या पावसापर्यंत झोपून राहिले.

ऑडिट झालं. ऑडिटर आले, तेलाच्या पिंपांवर बोट फिरवलं, कॅन्टीनमागच्या आग विझवायच्या नळकांड्यावर तारीख नाही म्हणून नाराजी दाखवली, आणि जैवविविधतेचं पान न उघडता सर्टिफिकेट देऊन गेले. साहेबांनी दोन दिवस त्या विषयावरचं बोलणं तयार केलं होतं. ते त्यांनी मला बसमध्ये बसण्याआधी फाटकात उभं राहून ऐकवलं. चांगलं होतं. पुढच्या वर्षी त्यांची बदली दक्षिणेकडच्या एका प्लँटला झाली. जाताना लॅबमध्ये आले आणि काहीच न बोलता रिकामं टरफल खिशात घालून घेऊन गेले. कंपनीच्या मालमत्तेतून त्यांनी नेलेली बहुधा ती एकच वस्तू असावी.

आप्पांनी फवारा सोडला, असं मात्र झालं नाही. वांग्यावरची अळी त्यांनी तितक्याच निष्ठेनं मारली. फक्त पंप भरताना बांधाकडची शेवटची ओळ ते सोडून द्यायला लागले, आणि विचारलं तर म्हणत, “तिकडं पानी पोचत न्हाई.”

चार-पाच वर्षांनी, संक्रांतीला माहेरी गेले होते, तेव्हा संध्याकाळी बांधावरून हिंडत होते. आंब्यांना मोहोर आला होता, चिंचा डोक्याच्या वर गेल्या होत्या. तात्यांच्या बोरीवर मला लांबूनच पाच-सहा कोश दिसले. आम्ही तिथं कधी अळ्या सोडल्या नव्हत्या. त्या आपल्या आपण आल्या होत्या. तात्या खाली बसून बोरं वेचत होते. मला बघून म्हणाले, “पोरी, त्या कंपनीचं काय झालं गं?”

कंपनी कधी येणारच नव्हती, असं सांगायला मी तोंड उघडलं. मग वर बघितलं.

“विचार चालू आहे म्हणतात, तात्या.”

“असू दे, असू दे. आमाला काय घाई न्हाई.” त्यांनी फांदीकडे बोट केलं. “ह्ये काय लोंबतंय कळत न्हाई. दर साली वाढतंय. ह्ये धरत्यात का मोजनीत?”

“धरतील की,” मी म्हणाले.

“मंग न्हाई काढत,” तात्या म्हणाले, आणि परत बोरं वेचायला लागले.